तीस वर्षांची कडी

"हाड शाबूत आहे," हाडांचा डॉक्टर म्हणाला आणि हसला. "पण ही भानगड तुमच्या खात्यातली दिसतेय, फांग डॉक्टर. तुमचं तुम्ही बघा."

त्याने फिल्म उजेडाच्या पेटीवर चढवली. काळ्याभोर अंधारात आईच्या कमरेची हाडं, पंख पसरून बसलेल्या पाखरासारखी. आणि त्या पंखांच्या मधोमध, जरासं डावीकडे कललेलं, पांढरंशुभ्र वर्तुळ. कंपासने काढल्यासारखं. शूनिंगने वर्तुळ लगेच ओळखलं. ओळखणारच. लानचौच्या या इस्पितळात बायकांच्या विभागात शिकत तिला तीन वर्षं झाली होती आणि मूल राहू नये म्हणून बसवलेल्या असल्या पोलादी कड्या तिने म्हाताऱ्या बायकांच्या पोटातून चाळीस-पन्नास तरी काढल्या होत्या. ओळखायला वेळ लागला तो भोवतीच्या हाडांना. ही हाडं आपल्या आईची. आपण याच्यातून बाहेर आलो. आपण आलो आणि चार महिन्यांत ही कडी आत गेली, आणि मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, माणसाचं शरीर कापून शिकले, बायकांचं पोट या विषयात पहिली आले, आणि ही तिथेच. आईशी रोज सकाळी फोनवर बोलते मी. जेवलीस का, थंडी किती आहे, गुडघा कसा आहे. गुडघा! गुडघ्यापर्यंत येऊन थांबत होते रोज. वर कधी गेलेच नाही. हाडांचा डॉक्टर अजून हसत होता. वाईट माणूस नव्हता तो, बायकांच्या आत सापडलेल्या वस्तूंना पुरुष जसे हसतात तसा हसत होता. शूनिंगने फिल्म ओढून घेतली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. लाजेने नाही. निदान एकट्या लाजेने नाही.

कारण त्याच सकाळी विभागाच्या भिंतीवर यादी लागली होती. मागच्या महिन्यात शिकाऊ डॉक्टरांची एक परीक्षा झाली होती, 'संततिनियमन: ज्ञान आणि आचरण'. पंचवीस प्रश्न. नावापुढे गुण. फांग शूनिंग, तेवीस, पहिली. तिच्याबरोबर शिकणारा हाओ चिन, ज्याला दहा मिळाले होते, तो कंबरेत वाकून म्हणाला होता, "वाट सोडा, वाट सोडा, पंडिता आल्या." सतरावा प्रश्न तिला आत्ता जसाच्या तसा आठवला : पाळी गेल्यानंतर कडी किती काळात काढावी? तिने पर्याय वाचलेसुद्धा नव्हते. एका वर्षात. बरोबर, एक गुण. आणि त्या गुणाच्या खाली, तीन मजले खाली, आई बाकड्यावर बसली होती, नदीकाठच्या चौकात इतर बायकांबरोबर नाचताना घसरून पडलेली, हातात आंबवलेल्या जवाच्या गोड पेजेचा कागदी पेला. पाळी जाऊन आठ वर्षं.

"मोडलंय का?" आईने विचारलं.

"नाही. आई, तुझी कडी अजून आतच आहे?"

"मग कुठे असणार? तोंडात?"

"अगं, पाळी गेली की काढायची असते ती. वर्षभरात."

"हळू बोल. बाप्ये बसलेत." आईने पेजेचा घोट घेतला. "आणि असं कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"असेल. पुस्तक काही माझ्याकडे आलं नव्हतं. माझ्याकडे गिरणीतली छूबाई आली होती, लाल फीत लावून. ती म्हणाली, काढलीस तर बघ. बघ म्हणाली म्हणून मी तीस वर्षं बघितलं. आता तू म्हणतेस काढ." आणि मग, पेल्यात बघत, जणू पेल्यालाच सांगतेय अशा आवाजात, "दोन वर्षं झाली, खाली ओटीत ओढल्यासारखं होतं. मधूनच डागही दिसतो. मला वाटलं थंडी बसली."

थंडी बसली. बायकांच्या पोटात काहीही झालं की थंडी बसते. शूनिंग बाकड्यावर आईशेजारी टेकली आणि तिच्या नाकात अचानक ओल्या लोकरीचा वास आला, इस्पितळाच्या औषधी वासाला बाजूला सारून, आईच्या लोकरगिरणीचा वास. सात वर्षांची असेल ती. दर तीन महिन्यांनी गिरणीच्या दवाखान्यासमोर बायकांची रांग लागायची. कातणाऱ्या, रंगवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, साऱ्या एका रांगेत, कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडत, कुणी उभ्याउभ्या विणत. शूनिंग आईच्या स्वेटरचं टोक धरून उभी असायची. एकेक बाई आत जायची, अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर उभी राहायची, आणि छूबाई हिरवट पडद्याकडे बघून ओरडायची, "आहे!" बाहेर टेबलावरचा माणूस शिक्का मारायचा. "आहे!" शिक्का. "आहे!" शिक्का. काय आहे, हे शूनिंगला कळायचं नाही. पण 'आहे' ऐकून बाहेर येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर पास झाल्यासारखा भाव असायचा, आणि एकदा एका काकूंच्या वेळी ओरडणं आलंच नाही, खोलीत नुसती शांतता झाली आणि रांगेतल्या सगळ्या बिया फोडायच्या थांबल्या, तेव्हा तिला कळलं होतं की नसणं फार वाईट असतं. आई मात्र दर वेळी ताठ मानेने बाहेर यायची. "माझी कधी हलली नाही," असं ती शेजारणींना सांगायची, चांगल्या वळणाच्या मुलीबद्दल सांगावं तसं. मग गिरणी बंद पडली. रांग संपली. दर तीन महिन्यांनी आईच्या पोटात डोकावणारं ते अख्खं सरकार, तो शिक्का, तो हिरवा पडदा, छूबाईची लाल फीत, सगळे एका दिवसात उठून गेले आणि आत काय ठेवलंय हे विसरले. आहे का, हे वीस वर्षं विचारलं. काढायची का, हे एकदाही नाही. आणि मीही तेच केलं, शूनिंगला वाटलं. गर्भ पाडून उठलेल्या पोरींना मी काय सांगते? पोटाला शेक घे, थंड पाणी पिऊ नकोस आणि पुढच्या वेळी जपून राहा. जपून राहा! दोन वर्षांत तिसऱ्यांदा आलेली ती सलूनमधली पोरगी म्हणाली होती, "डॉक्टर, जपून म्हणजे नक्की काय करायचं?" आणि पंचवीसपैकी तेवीस मिळवणाऱ्या शूनिंगने घड्याळाकडे बघितलं होतं. बाहेर बत्तीस नंबर लागलेले होते. बोलण्याला वेळ नसतो, खरवडायला असतो. खरवडण्याची नोंद होते, बोलण्याची होत नाही. विभाग तसा शिकवतो आणि आपण तसे शिकतो.

त्या परीक्षेला दुसरं पानही होतं. त्यावर नाव घालायचं नव्हतं. 'तुम्ही स्वतः कोणतं साधन वापरता?' शूनिंगने ती जागा कोरी सोडली होती. तिचा मित्र रेल्वेत अभियंता होता, महिन्यातून दोनदा यायचा, आणि ते दोघं दिवस मोजायचे. बोटांवर. जपून. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तिने स्वतःच लिहिलं होतं की हा सगळ्यांत बेभरवशाचा मार्ग आहे.

विभागप्रमुख न्येबाईंनी सोनोग्राफी स्वतः केली. छप्पन्न वर्षांच्या, आखूड केसांच्या, बोलताना समोरच्याकडे न बघणाऱ्या. पडद्यावर पिशवी सुकून अक्रोडाएवढी झाली होती आणि कडी तशीच, तिच्या मूळ मापाची. आकसलेल्या भिंतींनी तिला एका बाजूने गिळलं होतं. "रुतली आहे," न्येबाई म्हणाल्या. "सरळ ओढली तर तुटेल. तुकडा आत राहिला तर भूल द्यावी लागेल, कदाचित पोट उघडावं लागेल, पिशवीच काढावी लागेल. आठवडाभर गोळ्या देऊ, पिशवीचं तोंड मऊ होऊ दे. मग मी करते."

"तुम्ही नाही," आई टेबलावरूनच म्हणाली.

न्येबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"राग मानू नका बाई. तुमचा हात मोठा असेल. पण घातली ती परक्या माणसाने. घराबाहेर सरकारची भोंग्याची गाडी उभी होती, दोघींनी खांदे धरले होते, आणि घालणारीने माझं तोंडसुद्धा बघितलं नाही. काढायची तर माझ्या पोरीने काढायची. नाही तर राहू दे. तीस वर्षं राहिली, माझ्याबरोबर जळेल."

"घरच्या माणसावर हात चालवायचा नाही, असा इथला नियम आहे."

"नियम!" आई म्हणाली. तेवढंच. त्या एका शब्दात लोकरगिरणी होती, शिक्का होता, भोंगा होता.

न्येबाई बराच वेळ हातातला कागदी रुमाल दुमडत राहिल्या. मग त्या शूनिंगला म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा आम्हाला तालुक्यांतून फिरवायचे. दिवसाला साठ घालायचो. साठ. हात आपोआप चालायचा. काढायची कशी, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. कुणी विचारलंही नाही." रुमाल त्यांनी टोपलीत टाकला. "मी बाजूला उभी राहीन. तुझा हात थरथरला तर तुला बाहेर काढीन. कबूल?"

कबूल. त्या आठवड्यात शूनिंगने झोपेत कितीतरी वेळा ती कडी ओढली आणि दर वेळी ती तुटली. हातात अर्धं वर्तुळ. दिवसा ती ओपीडीत बसायची आणि पन्नाशीच्या पुढची बाई आली की विचारायची, "कडी आहे का? काढली का?" कुणी लाजून हसायची, कुणी म्हणायची, "अगं बाई, ती काढायची असते?" अकरा जणींना विचारलं. नऊ जणींच्या पोटात होती. नऊ! आणि त्या आल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला, गुडघ्यासाठी, सुनेचं बाळंतपण कधी ते विचारायला. संध्याकाळी ती आईकडे जायची तेव्हा आई खिडकीपाशी बसून विणत असायची, पोटातल्या गोष्टीचा विषय न काढता, आणि शूनिंग तिच्या बोटांकडे बघत राहायची. दर शरद ऋतूत आई जुना स्वेटर उसवायची. शूनिंगने ओढायचं, आईने गुंडाळायचं. पोरगी वाढली की स्वेटरही एका मापाने वाढायचा, तीच लोकर, वर थोडी नवी. "झटका देऊ नकोस," आई म्हणायची, "लोकर तुटेल. थांबूही नकोस, गाठ बसेल. धागा स्वतः सांगतो किती यायचं ते."

शुक्रवारी सकाळी आईने गोमांसाच्या शेवयांचा अख्खा वाडगा संपवला, मिरचीचं तेल जास्त घालून, आणि ती तयार झाली. नेलकटरसुद्धा उसना न मागणारी बाई, त्या टेबलावर पाय वर करून पडली तेव्हा तिने दिव्याला सांगितलं, "जरा बाजूला हो, डोळ्यांत येतोयस." दिवा हाओ चिनने बाजूला केला. तो सोनोग्राफीचा दांडा धरायला आला होता आणि आज त्याने एकही विनोद केला नव्हता, म्हणजे तो घाबरला होता. शूनिंगने बधिर करण्याची सुई दिली. मग आकडा आत गेला. आकडा म्हणजे बारीक पोलादी काडी, टोकाला वाक दिलेली. ती हातात धरली की आपलं सगळं डोकं उतरून तिच्या टोकाशी जाऊन बसतं. मऊ. मऊ. मऊ. आणि मग टक्. पोलादाला पोलाद लागल्याचा तो आवाज कानाला येत नाही, दाताला येतो. आहे, असं तिच्या मनात कुणीतरी ओरडलं, छूबाईच्या आवाजात, आणि शूनिंगला एकदम इतका राग आला की हात स्थिर झाला. हो, आहे. आज शेवटचं आहे.

तिने कडीची खालची कड आकड्यात धरली आणि ओढली. आली, थोडी. मग थांबली. पलीकडची बाजू भिंतीने धरून ठेवली होती, तीस वर्षांच्या ओळखीने. "पुरे," न्येबाई म्हणाल्या. "आता कात्री. एका जागी काप. ती आतून पोकळ असते, गुंडाळलेली तार आहे ती. टोक चिमट्यात धर आणि तारच ओढ. मी हे दोनदा बघितलंय. केलं नाही कधी."

कात्री चालली. टोक चिमट्यात आलं. शूनिंगने ओढलं आणि तार सुटू लागली, बारीक, चमकदार, स्प्रिंगची वळणं उलगडत, वेडीवाकडी, एक इंच, दोन इंच. मग अडकली. तिने जरा जोर दिला. आई कण्हली. पडद्यावर पिशवीची भिंत चिमट्याकडे ओढली गेलेली दिसली, तंबूच्या कापडासारखी, आणि शूनिंगने घाबरून हात सोडल्यासारखा केला, परत ओढलं, परत सोडलं. कपाळावरचा घाम भुवईत आला. न्येबाईंचा श्वास तिला मानेवर जाणवला. आता त्या म्हणणार, बाजूला हो. आता तुटणार. अर्धं वर्तुळ हातात, अर्धं आईत, कायमचं.

"निंगे," आई म्हणाली. पडद्याआडून, छताकडे बघत. "काय करतेयस तू?"

"तार ओढतेय आई. बोलू नकोस."

"तार? आत तार आहे होय? मग स्वेटर आहे का तो, की गाढव? झटके काय देतेस? आणि मध्येच सोडू नकोस. एकसारखं. ताण हातात ठेव, पुढचं धागा करेल. विसरलीस?"

शूनिंगने डोळे मिटले. उघडले. ताण हातात ठेवला, बस्, तेवढाच, ओढ टिकेल आणि धागा तुटणार नाही एवढा, आणि ती थांबली नाही. वाट बघत ओढणं. ओढत वाट बघणं. लोकरीचा वास, खिडकीतलं पिवळं ऊन, आईच्या गुडघ्यांवर वाढत जाणारा गुंडा. तारेने आधी काही ऐकलं नाही. मग एक वळण सुटलं. तिला ते बोटात कळलं, पडद्यावर दिसायच्या आधी. मग दुसरं. मग तार येऊच लागली, शांतपणे, घरची वाट माहीत असल्यासारखी.

"येतेय?" आईने विचारलं.

"येतेय."

"मग आता गप्पा मारल्या तरी चालतील. मला एक सांग. एवढी तू या खात्यातली डॉक्टर. तुझं स्वतःचं काय? तू काय घालतेस आत?"

हाओ चिनच्या हातातला दांडा हलला. "मावशी, पडदा हलतोय, हसवू नका."

"तू गप रे. निंगे, मी विचारलं."

"दिवस मोजतो आम्ही," शूनिंग म्हणाली. तार येत होती. खोटं बोलायला हात मोकळा नव्हता.

"दिवस मोजता!" आई इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या बाकड्यावर ऐकू गेलं असणार. "अगं, गिरणीतल्या अडाणी बायका तुझ्यापेक्षा शहाण्या होत्या! पुस्तकं जाळा ती!" न्येबाई खोकल्या, तो खोकला नव्हता. आणि मग आई हळू आवाजात म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं, निंग. तुला विचारणारी मी आहे. घाल, नको घालू, गोळी खा, काय वाटेल ते कर. पण तू ठरव. मोजत काय बसतेस?"

आणि त्याच वेळी तारेचं टोक बाहेर आलं. प्रतिकार एकदम संपला, शूनिंगचा हात मागे गेला, आणि ट्रेमध्ये एक लांबलचक, नागमोडी, चमकती तार पडली. न्येबाईंनी ती नव्या कडीच्या उलगडलेल्या तारेशेजारी धरून मापली. डोळे बारीक करून दोनदा मापली. "पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हातमोजा काढला आणि त्या आईच्या डोक्याशी गेल्या, आणि साठ-साठ बायकांकडे न बघितलेल्या त्या डोळ्यांनी त्यांनी आईकडे सरळ बघितलं. "पूर्ण निघाली, ताई. पिशवीला ओरखडा नाही."

"माझ्या पोरीने काढली म्हणा."

"तुमच्या पोरीने काढली. तुम्ही सांगितलंत तशी."

दुपारी पुन्हा फिल्म काढली. शूनिंगने ती स्वतः पेटीवर चढवली. तेच काळं, तेच पंख. मधे काही नाही. तिने आयुष्यात इतकं सुंदर 'नाही' बघितलं नव्हतं. तिला वाटलं, खिडकीतून डोकं काढून ओरडावं, गिरणीच्या पडक्या भिंतींना ऐकू जाईल असं : नाही! मारा शिक्का! आईने चष्मा लावून फिल्म निरखली. "रिकामी बरी दिसते," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून तिने एकदा नाचातली गिरकी घेऊन बघितली, पडल्यापासून हाती आलेल्या काठीसकट. तार तिने मागून घेतली होती, धुऊन, दोन बोटांभोवती लोकरीच्या लडीसारखी गुंडाळून खिशात ठेवली होती. आणि शूनिंगने विभागात जाऊन परीक्षेचं कोरं दुसरं पान मागून घेतलं, त्यावर स्वतःचं नाव घातलं, खाली लिहिलं, 'दिवस मोजत होते. सोमवारी तांबी बसवून घेणार, माझ्या मर्जीने,' आणि ते यादीशेजारी, तेवीस गुणांच्या अगदी शेजारी टाचलं. हाओ चिनने वाचलं. विनोद सुचला नाही त्याला. त्याने खिशातून पेन काढलं.

ती परत आली तेव्हा आई ओपीडीबाहेरच्या लांब बाकड्यासमोर उभी होती. बाकड्यावर बायका, साठीच्या, पासष्टीच्या, गुडघेवाल्या, रक्तदाबवाल्या, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. बाप्येही होते. आईने खिशातून ती लड काढली आणि उजेडात धरली.

"अहो, ऐका जरा," आई म्हणाली. हळू नाही. "ही माझ्या पोटात तीस वर्षं होती. आज निघाली. तुमची काढली का?"

सगळं बाकडं गप्प झालं. एका बाईच्या तोंडात बी होती, ती फुटलीच नाही. शूनिंगला ती शांतता ओळखीची वाटली. मग कडेच्या म्हातारीने, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या, तारेकडे बघत विचारलं, "दुखतं का?"

"माझी पोरगी काढते. नाही दुखत फार."

म्हातारीने पिशवी उचलली आणि ती उठली. तिच्यामागे दुसरी. मग शेवटच्या टोकाची. मग मधल्या तिघी एकदम, एकमेकींकडे न बघता, मग बघून, मग हसत. आईने त्यांना भिंतीच्या कडेने उभं केलं, एकीमागे एक, गिरणीत करायचे तसं, फक्त टेबलावर शिक्केवाला नव्हता. पहिल्या बाईला तिने खांद्याला धरून पुढे ढकललं.

"निंगे," ती म्हणाली, "हात धुऊन घे. रांग लागलीय."